यकृताच्या शिरा बंद (बड-कियारी): नणंदेचं निदान काल झालं, अनुभवी लोकांनी कृपया लिहा

सुरंगी
१४ जून, रात्री ११.१०

नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज हात थरथरतायत तरी लिहितेय, कारण घरात बोलायला कुणी उरलेलं नाही, सगळेच घाबरलेत.

माझी नणंद २६ वर्षांची. पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे देवगडला आली. मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि हिचं पोट पुन्हा वाढायला लागलं. पहिले पंधरा दिवस "बाळंतीणीचं पोट आहे, उतरेल हळूहळू" असंच सगळे म्हणत होतो. मी पण. मग दोन्ही पावलं सुजली, उजव्या बरगडीखाली जड दुखायला लागलं, आणि गाऊनची बटणं लागेनाशी झाली.

एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटात पाणी आणि यकृत मोठं, एवढंच रिपोर्टमध्ये. सुई घालून पाणी काढलं, तपासलं, आणि पोटाचा टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. पाच आठवडे तिने त्या इमानदारीने घेतल्या. पोट तसूभर उतरलं नाही, उलट डोळे पिवळे झाले.

सासूबाई तिला रोज खोबरेल लावायच्या. गेल्या आठवड्यात पाठीला तेल लावताना त्या थांबल्या आणि मला हाक मारली, "सूनबाई, हयसर ये गो, हे दोरे कसले?" कंबरेपासून बरगडीपर्यंत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढ्या जाड निळ्या शिरा. वेड्यावाकड्या. आधी नव्हत्या हे नक्की.

तालुक्याच्या एका वयस्क फिजिशियनकडे नेलं. त्यांनी फाईल उघडायच्या आधी तिला कुशीवर वळवलं. बेंबीच्या पातळीखालच्या एका शिरेवर दोन बोटं शेजारी शेजारी ठेवली, वरचं बोट दाबत वर सरकवलं, मधली शीर चपटी झाली. मग खालचं बोट उचललं. शीर खालून वर सर्रकन भरली. तीनदा केलं, तीनदा तसंच. मला म्हणाले, "इथलं रक्त खाली जांघेकडे जायला हवं. हे वर चाललंय. म्हणजे आतला मोठा रस्ता बंद आहे." लगेच डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लिहून दिली.

काल डॉपलर झाली. रिपोर्टमध्ये आहे: उजवी यकृत शीर बंद, मधली दोऱ्यासारखी बारीक, डावीत प्रवाह अगदी मंद. अधोमहाशिरा (खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर), म्हणजे सगळे आयव्हीसी म्हणतात ती, हृदयाच्या जरा खाली अरुंद. कॉडेट लोब मोठा. निदान बड-कियारी सिंड्रोम.

आता मुंबईला न्यायचं की गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला? हे ऑपरेशन असतं का? बाळ अंगावर पितंय, त्याचं काय?

---

क्षकिरण
१५ जून, सकाळी ६.४५

सुरंगी, मी रेडिओलॉजिस्ट आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच काम करतो. इथे वैद्यकीय सल्ला देता येत नाही, पण चित्र समजावून सांगतो. ते समजलं की निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

खाजणातली शेती पाहिलीच असेल. डोंगराकडचं पाणी शेतात येतं आणि खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला) ठेवलेल्या उघाडीतून, म्हणजे दारातून, खाडीत उतरतं. उघाडी गाळाने बसली तर पाणी येतच राहतं, जायला वाट नाही, बांध पाझरायला लागतो. यकृताचं तसंच आहे. आत येणाऱ्या वाटा दोन: यकृत धमनी, आणि आतड्याकडून येणारी पोर्टल शीर. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं, त्यातलं जवळजवळ पाऊण पोर्टल शिरेतून. बाहेर पडायच्या मुख्य वाटा तीन, उजवी, मधली आणि डावी यकृत शीर. तिन्ही वर जाऊन आयव्हीसीला मिळतात, आणि तिथून हृदय अगदी दोन बोटांवर. या वाटा बंद झाल्या की यकृत रक्ताने तुंबतं, फुगतं, दुखतं, आणि त्याच्या पृष्ठभागातून पाणी पाझरून पोटात साठतं. आयव्हीसी पण अरुंद असेल तर पाय सुजतात आणि पाठीवर, कुशीवर त्या शिरा उठतात. तुमच्या सासूबाईंनी जे पाहिलं ते यातलं फार मोलाचं लक्षण होतं.

कॉडेट लोब मोठा का? यकृताच्या मागच्या बाजूच्या त्या भागाला स्वतःच्या छोट्या शिरा असतात, त्या थेट आयव्हीसीत उघडतात. बाकीच्यांची दारं बंद झाली तरी याचं परसदार उघडं राहतं, म्हणून तो वाढतो. कधी इतका वाढतो की आयव्हीसीलाच दाबतो.

पहिल्या सोनोग्राफीत हे का दिसलं नाही, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. साध्या राखाडी चित्रात यकृताचा आकार, पाणी, पित्ताशय दिसतं. शिरेतून रक्त वाहतंय का आणि कुठल्या दिशेने, हे डॉपलर लावल्याशिवाय कळत नाही. निरोगी यकृत शिरेचा आलेख हृदयाच्या ठोक्याबरोबर वरखाली नाचतो. बंद वाटेच्या मागे तो सपाट होतो, किंवा रक्त उलटं फिरताना दिसतं, एका शिरेतून दुसरीत आडवाटेने. हे पाहायला वेळ लागतो, रुग्णाने उपाशीपोटी यावं लागतं, आणि मुख्य म्हणजे चिठ्ठीवर "यकृत शिरा व आयव्हीसी डॉपलर" असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. दिवसाला चाळीस पोटं बघणाऱ्या माणसाला नुसतं "पोटाची सोनोग्राफी" लिहून पाठवलं तर तो शिरांपर्यंत पोचतोच असं नाही. मी स्वतः त्या खुर्चीत बसतो म्हणून सांगतो.

एक विनंती. पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट आणि त्याच दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट काढा. दोन्हीतला अल्ब्युमिनचा (हे रक्तातलं एक प्रोटीन) आकडा लिहा.

---

सुरंगी
१५ जून, सकाळी ८.२०

रक्तात ३.१, पाण्यात १.४. पाण्यात एकूण प्रोटीन ३.० आहे. एडीए ३१.

---

क्षकिरण
१५ जून, सकाळी ८.५५

३.१ मधून १.४ वजा केले की १.७ उरतात. हा फरक १.१ किंवा जास्त असेल तर पाणी बहुधा शिरांमधल्या दाबामुळे साठलेलं असतं. टीबीत तो सहसा १.१ च्या खाली राहतो. शिवाय पाण्यात प्रोटीन २.५ च्या वर. साध्या सिरॉसिसमध्ये (यकृत आकसून कडक होतं तेव्हा) ते सहसा कमी असतं, पण यकृताच्या पुढची वाट अडली असेल तर जास्त सापडतं. हृदयाभोवतीचं आवरण कडक झालं तरी असंच चित्र येतं, म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा लागतो. एडीए ही पोटातल्या पाण्यावर टीबीसाठी करतात ती चाचणी, तिचा ३१ हा आकडाही टीबीच्या नेहमीच्या मर्यादेखाली आहे.

म्हणजे पहिल्या आठवड्यापासून फाईलमध्ये खूण होती. कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की तरुण बाईच्या पोटात पाणी दिसलं की मन तिकडेच धावतं. पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ही एक वजाबाकी लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं.

टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका, आजच त्या फिजिशियनना विचारून ठरवा. त्या गोळ्यांनी तुंबलेल्या यकृताला आणखी त्रास होतो. आणि पुढे रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिन सुरू झाली तर टीबीच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन तिचा परिणाम खूप कमी करतं.

---

तिठा
१५ जून, दुपारी १.३०

ताई, आमच्याकडे एक वैद्य जलोदरावर पुनर्नवा आणि भुईआवळ्याचा काढा देतात. माझ्या मामांना गुण आला होता. मुंबईच्या खर्चात पडण्याआधी एकदा बघा, मनापासून सांगतोय.

---

बावनदी
१५ जून, दुपारी २.०५

तिठा, तुमची कळकळ कळते. पण मामांचं पाणी कशामुळे होतं ते वेगळं असेल. इथे शिरेत गुठळी आहे, तिला रोज नवी गुठळी चिकटू शकते. दिवस मोजके असतात हो. मी या आजारातून गेलेलो माणूस आहे म्हणून थोडं अधिकाराने बोलतोय.

सुरंगी, मला ११ वर्षं झाली. तेव्हा ३४ चा होतो. माझ्या तिन्ही यकृत शिरा मुळापर्यंत बंद होत्या, शीर रुंद करायचा फुगा घालायलाही जागा नव्हती, म्हणून टिप्स केलं. मानेच्या शिरेतून तार आत नेतात आणि यकृताच्या आतूनच पोर्टल शिरेपासून नवी वाट पाडून त्यात आच्छादित स्टेंट बसवतात. पोटावर एकही टाका नाही. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात चालत होतो. पोटातलं पाणी दीडेक महिन्यात गेलं, आजवर परत आलं नाही.

मला सांगितलं होतं की उपचार पायरीपायरीने जातात. आधी रक्त पातळ करणारं औषध, लघवीची गोळी आणि मीठ कमी. त्याने भागलं नाही आणि अडथळा आखूड असला तर फुगा किंवा स्टेंट. ते जमत नसेल तर टिप्स. सगळ्यात शेवटी यकृत प्रत्यारोपण. आखूड अडथळ्याला मात्र फुग्यासाठी थांबत नाहीत, लवकर करतात. तुमच्या रिपोर्टात "अरुंद" हा शब्द वाचून मला हायसं वाटलं. पूर्ण लांबीची बंद शीर आणि एका जागी अरुंद शीर यात खूप फरक आहे.

जिथे गॅस्ट्रोएंटरॉलॉजी आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी दोन्ही विभाग एका छताखाली आहेत तिथेच न्या. मी परळच्या केईएमला गेलो होतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र दाखल होतानाच गाठा, डिस्चार्जच्या वेळी नको. रेशनकार्ड आणि आधारच्या चार-चार झेरॉक्स ठेवा.

---

शब्दवेल
१५ जून, रात्री ९.१५

माझ्या वडिलांना पोर्टल व्हेनमध्ये गुठळी सांगितली आहे. हाच आजार का?

---

क्षकिरण
१५ जून, रात्री ९.४०

नाही. ती आत येणारी वाट, इथे बाहेर जाणारी बंद आहे. दोन्हींत रक्त गोठण्याच्या दोषाचा शोध घ्यावा लागतो, पण बाकी उपचार वेगळे. त्यासाठी नवा धागा काढा, तिथे नीट लिहीन.

---

सुरंगी
१६ जून, दुपारी ४.००

सगळ्यांचे आभार. फिजिशियननी टीबीच्या गोळ्या थांबवल्या, रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं पोटाच्या कातडीखाली सुरू केली. आज कणकवलीहून तुतारीने निघतोय, उद्या सकाळी दादर. तिथून परळ जवळ. बाळ बरोबर आहे, सासूबाईही. घरी हापूसचे शेवटचे पेटारे तसेच पडलेत, यांनी सांगितलं तू त्यांचा विचार करू नकोस.

---

सुरंगी
२५ जून, रात्री १०.३०

नऊ दिवसांनी लिहितेय. परवा प्रक्रिया झाली. तुम्ही सगळे विचारत होता म्हणून जे समजलं ते सगळं लिहिते.

आल्यावर पुन्हा डॉपलर, मग टूडी इको (हृदय ठीक), मग किडनीचं क्रिएटिनिन बघून रंगद्रव्य देऊन सीटी. सीटीच्या पडद्यावर डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं. यकृताचा मधला भाग उजळ आणि कडा ठिपक्याठिपक्यांच्या, फिकट. जिथून रक्त निघू शकत नाही तिथे औषध पोचायलाच उशीर होतो म्हणून असं दिसतं, म्हणाले. दुर्बिणीने अन्ननलिका तपासली. शिरा थोड्या फुगलेल्या होत्या, बांधाव्या लागल्या नाहीत.

आयव्हीसीत हृदयाच्या खाली पडद्यासारखा पातळ अडथळा निघाला. हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे आणि आशियात जास्त सापडतो असं तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने सांगितलं. जांघेतून तार वर नेली, रंग सोडून फोटो घेतले, अडथळ्याच्या खालचा आणि वरचा दाब मोजला. मग तिथे फुगा फुगवला. दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक आधी १७ होता, नंतर ४. त्यानंतर मानेतून जाऊन उजव्या यकृत शिरेच्या तोंडाशी पोचले. ती तोंडापाशीच बंद होती, मागे मोकळी. तिथे फुगा आणि एक स्टेंट. त्या शिरेत रंग सोडल्यावरचा पहिला फोटो मी पाहिला. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक वाटा, रक्ताने स्वतः शोधलेल्या. स्टेंटनंतरच्या फोटोत ते जाळं जवळपास नाहीसं, आणि मधोमध एक सरळ काळी रेघ. मला रडूच आलं तिथे.

ती पूर्ण वेळ जागी होती. फक्त जागा बधीर केलेली आणि थोडं गुंगीचं औषध. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "वहिनी, बाळ प्यायलं का?"

आज सकाळी वजन ३ किलो कमी. टिप्स लागलं नाही. लागू शकतं, ते हातचं राखलेलं आहे, असं स्पष्ट सांगितलंय.

---

शिरोडा
२६ जून, सकाळी ७.५०

वाचून बरं वाटलं. गुठळी मुळात झाली कशामुळे ते कळलं का? माझी बायको सातव्या महिन्यात आहे, काळजी वाटते.

---

सुरंगी
२६ जून, दुपारी ३.१५

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते, पण नुसतं तेवढ्यावर थांबू नका असं डॉक्टर म्हणाले. बहुतेकांत आणखी एखादं कारण सापडतं, कधी दोन. हिच्या रक्ताच्या बऱ्याच तपासण्या पाठवल्या. जॅक-२ (अस्थिमज्जेच्या आजाराची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह आली. अँटिफॉस्फोलिपिडची (रक्त गोठवणाऱ्या प्रतिपिंडांची) एक चाचणी पॉझिटिव्ह आली, ती १२ आठवड्यांनी पुन्हा करून पक्की करायची असते. रक्त जास्त गोठू न देणारी प्रोटीन सी आणि एस कमी आलीत, पण ती यकृतातच बनतात, त्यामुळे यकृत आजारी असताना त्यावरून निष्कर्ष काढत नाहीत.

तुमच्या बायकोबद्दल उगाच भीती बाळगू नका, हा आजार दुर्मिळ आहे. दोन्ही पायांवर थोडी सूज गरोदरपणात येतेच. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखली, किंवा अचानक धाप लागली, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

अंगावरच्या दुधाबद्दल: हेपॅरिन आणि वॉरफेरिन दोन्हींवर पाजायला हरकत नाही असं सांगितलं. पुढचं मूल हवं असेल तर मात्र आधी भेटायचं, कारण वॉरफेरिन गर्भाला घातक आहे, तेव्हा इंजेक्शनवर जावं लागतं. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या कायमच्या बंद. तांबी चालेल म्हणाले.

---

बावनदी
२६ जून, रात्री ८.००

माझी जॅक-२ पॉझिटिव्ह होती, म्हणजे अस्थिमज्जेचा आजार आतून चालू होता. गंमत अशी की माझे प्लेटलेट नॉर्मल दिसत होते. मोठी झालेली प्लीहा पेशी अडकवून ठेवते, त्यामुळे आकडा झाकला जातो. म्हणून ही तपासणी हा आजार असलेल्या प्रत्येकाने मागावी.

---

कुळीथपिठी
२७ जून, सकाळी ११.२०

खाण्याचं काय? माझ्या काकांना वॉरफेरिन आहे, त्यांनी पालेभाज्या पूर्ण सोडल्यात. पावसात टाकळा, भारंगी, अळू आलंय आणि ते नुसतं बघत बसतात.

---

बावनदी
२७ जून, दुपारी १२.४५

काकांना सांगा, सोडू नका, मोजून खा. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वामुळे वॉरफेरिनचा जोर कमी होतो हे खरं. पण डोस तुमच्या रोजच्या जेवणावरच बसवलेला असतो. मी आठवड्यातून तीन वेळा एक वाटी भाजी खातो, पावसात टाकळा, एरवी लाल माठ, आणि वर्षभर तेच प्रमाण ठेवतो. एकदा श्रावणात महिनाभर रोज अळूचं फदफदं खाल्लं तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) १.४ वर आला होता. हवा असतो २ ते ३. उलट अँटिबायोटिकचा कोर्स झाला तेव्हा ४.८ झाला, हिरड्यांतून रक्त आलं. नवीन कुठलंही औषध, काढासुद्धा, सुरू केलं की आठवड्यात आयएनआर बघायचा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून घ्यायच्या नाहीत. दंडात इंजेक्शन घ्यायच्या आधी वॉरफेरिन चालू आहे हे सांगायचं.

पोटात पाणी असेपर्यंत खरा शत्रू मीठ. मला दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत सांगितलं होतं, सगळं धरून. आपल्या घरात ते फार अवघड आहे. सुकट, सुका बांगडा, खारातली कैरी, पापड, सोलकढीतलं मीठ, सगळं त्यात येतं. माझी आई सुकी मासळी तीन पाण्यांतून काढून द्यायची, तरी वजन वाढायचं. शेवटी बंदच केली. ताजी मासळी, चिंचेच्या कोळात, मिठाशिवाय, वर लिंबू. पंधरा दिवसांत जीभ सरावते. दारू तर विषयच नाही.

---

सुरंगी
३ ऑक्टोबर, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. तीन महिने झाले.

नणंदेचं वजन ६४ वरून ५१. पाठीवरच्या शिरा आधी सुरकुतल्या आणि आता हात फिरवला तर जेमतेम लागतात. सासूबाई अजून रोज तेल लावताना बोट फिरवून बघतात. कावीळ गेली. लघवीची गोळी अर्ध्यावर आली.

अँटिफॉस्फोलिपिड दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली, म्हणजे वॉरफेरिन बहुधा आयुष्यभर. ती ऐकून गप्प झाली होती. मी बावनदींचा इथला प्रतिसाद वाचून दाखवला, ११ वर्षांचा. मग म्हणाली, "टाकळा खायला मिळतो ना, मग ठीक आहे."

आयएनआरसाठी सुरुवातीला दर आठवड्याला यावं लागत होतं. जुलैत घाट बंद होता तेव्हा दोनदा चुकलं, तेव्हापासून आम्ही वहीत तारीख, आकडा, डोस आणि त्या आठवड्यातल्या भाज्या लिहितो. औषध रात्री आठलाच, बातम्या लागल्या की. आता पंधरा दिवसांनी तपासणी. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची चाचणी करायची आहे, यकृतात गाठी होतात का बघायला. आणि स्टेंटचं तोंड पुन्हा आकसतं का ते डॉपलरवर.

परवाच्या डॉपलरच्या चिठ्ठीवर नुसतं "पोटाची सोनोग्राफी" लिहिलेलं होतं. मी काउंटरवरून परत गेले, "यकृत शिरा, आयव्हीसी, स्टेंट" असं लिहून घेतलं. पडद्यावर त्या मुलाने उजव्या शिरेतला आलेख दाखवला. वरखाली नाचत होता.

---

क्षकिरण
३ ऑक्टोबर, रात्री १०.१५

त्या आलेखाचा प्रिंट मागून घ्या आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. पुढच्या वेळी बघणाऱ्याला तुलनेला लागेल.

---

सुरंगी
३ ऑक्टोबर, रात्री १०.३२

घेतलाय. जूनमधल्या रिपोर्टच्या शेजारीच लावलाय. पुढची तारीख ५ जानेवारी.